सत्तावीस हजारांत सहाव्या पिढीतून सहाव्या पिढीतच

विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नेहमीची मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, ही बातमी खरी होती आणि माझी फसवणूक झाली ती याच खऱ्या बातमीच्या आधाराने. निव्वळ थापेवर विश्वास ठेवून फसलो असतो, तर स्वतःच्या भोळेपणाला दोष देऊन गप्प बसलो असतो. येथे तारीख खरी होती, कंपनीचे नाव खरे होते, पडद्यावर आलेली सूचनाही खरी होती. तिच्यावर चढवलेली भीती तेवढी दुकानदाराची होती. ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांचा संगणक आहे, त्यांच्या कानांवर हेच शब्द पडत असणार, म्हणून झालेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

मी गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो. घरातला संगणक २०१६ साली घेतलेला आणि त्याचे काम ठरलेले: गावच्या जत्रेला होणाऱ्या नाटकाची संहिता टंकित करणे, पात्रवार नकला काढून देणे, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणे आणि महिन्यातून एकदा निवृत्तिवेतन जमा झाले की नाही ते पाहणे. एवढ्या कामाला तो यंत्रगडी पुरून उरत होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून पडद्यावर पाठिंबा संपत असल्याची सूचना वारंवार येऊ लागली, आणि खाली असेही लिहिलेले असे की हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. ‘पात्र नाही’ हा शब्द मास्तराच्या मनाला जरा जास्तच लागतो, हेही येथे कबूल करतो.

१७ ऑक्टोबरला शुक्रवार होता आणि दिवाळी तीन दिवसांवर आली होती. म्हापशाच्या बाजारात नातेवाइकांकडे काम होते, तेथून परतताना संगणकाच्या एका दुकानाबाहेर ‘विंडोज १० बंद! आजच बदला’ अशी पाटी दिसली. आत गर्दी होती. दुकानदाराने खुर्ची दिली, पाणी दिले, आणि आपण बाजारात बोलतो त्या घरगुती कोकणीत मला समजावले की चौदा तारखेनंतर जुन्या संगणकावर बँकेचे पान उघडले तर खाते रिकामे होऊ शकते, बँका तसे व्यवहार लवकरच अडवणार आहेत आणि जुन्या मराठी फाइली पुढे उघडणारही नाहीत. यातले पहिले विधान अतिशयोक्त होते आणि उरलेली दोन सरळ खोटी होती. मी मान डोलावत राहिलो. पेन्शनीचे खाते या एका शब्दाने माणसाची विचारशक्ती किती झटकन बधिर होते, याचा अनुभव मी इतरांच्या बाबतीत घेतला होता, स्वतःच्या बाबतीत प्रथमच घेतला.

त्याने एका नामवंत कंपनीचा लॅपटॉप दाखवला. कंपन्यांनी भाड्याने घेतलेले आणि मुदत संपल्यावर परत आलेले लॅपटॉप झाडूनपुसून विकण्याचा धंदा रीतसर चालतो. त्यात गैर काही नाही, आणि चांगले दुकानदारही पुष्कळ आहेत. लॅपटॉप दुरुस्त करून विकायला ठेवलेला आहे, हे त्याने लपवलेही नाही. त्यावर विंडोज ११ चालू होते, ‘आय-फाइव्ह’ या इंटेलच्या प्रोसेसरची (संगणकाच्या मेंदूची) चकचकीत पट्टी चिकटवलेली होती आणि ऑफिस ‘आयुष्यभरासाठी’ घालून दिलेले होते. माझा जुना संगणक ‘आय-थ्री’चा, तेव्हा तीनावरून पाचावर जाणे ही प्रगतीच असणार असा मी हिशेब केला. किंमत २९,५००, जुन्या संगणकाचे २,००० वजा करून २७,५०० रुपये. पैसे यूपीआयने घेतले, पण पावतीवर दिसणाऱ्या नावात दुकानाचा उल्लेख नव्हता. हातात मिळाला तो ‘एस्टिमेट’ असे छापलेला कागद. गोव्यातल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक ३० या आकड्यांनी सुरू होणारा पंधरा अक्षरी असतो. या कागदावर तसा कोणताही क्रमांक नव्हता, आणि तो आहे का हे पाहण्याचे मला सुचलेही नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा घरी आला, माझी कागदपत्रे व संहिता पेनड्राइव्हवर उतरवून नव्या यंत्रात घातल्या आणि जुना डबा रिक्षात घालून घेऊन गेला.

दोन महिने काहीच बिघडले नाही. फसवणूक उघडकीस आली ती नाताळच्या सुट्टीत, पुण्याहून भाचा जत्रेला आला तेव्हा. नाटकाचा तिसरा अंक छापून देण्यासाठी तो लॅपटॉपजवळ बसला, आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, “मामा, हा विंडोज ११ चा म्हणून कोणी दिला तुम्हाला?”

त्याने सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचे पूर्ण नाव दाखवले. ‘आय-फाइव्ह’ या शब्दानंतर ६३०० असा आकडा होता. त्यातला पहिला आकडा ही प्रोसेसरची पिढी असते. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन आकडे धरावे लागतात. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर, अगदी थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे लागतात आणि त्यासोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. अशी अट मायक्रोसॉफ्टने २०२१ सालीच जाहीर केली होती. माझा म्हापशाला गेलेला जुना संगणकही सहाव्याच पिढीचा होता. पाच हा आकडा तीनापेक्षा मोठा, पण तो पिढीचा नव्हता. वर्गात प्रथम आलेल्या मुलाचा इयत्तेशी जितका संबंध, तितकाच त्या पाचाचा पिढीशी. म्हणजे यंत्र ‘पात्र नाही’ म्हणून मी जे टाकले, त्याच इयत्तेतले दुसरे अपात्र यंत्र २७,५०० रुपये देऊन घरी आणले होते. पात्रतेची तपासणी चुकवून विंडोज ११ अशा यंत्रावर बसवता येते, आणि ते चालतेही. पण अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळण्याचा हक्क राहत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्पष्ट केलेले आहे. जी अद्यतने थांबण्याची भीती घालून माल विकला, त्याच अद्यतनांची हमी त्या मालाला नव्हती.

याहून वाईट पुढे होते. भाच्याने काळ्या पडद्यावर, म्हणजे ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये, एक लहानसा आदेश टाकला. वाचकांपैकी कोणाला आपले यंत्र तपासायचे असेल म्हणून तो अक्षरे फोडून देतो: एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला चिकटून एक्स-पी-आर. विंडोजचा परवाना रीतसर असेल तर तो कायमचा आहे असे उत्तर येते. माझ्या पडद्यावर एक तारीख आली. मोठ्या संस्था शेकडो संगणकांना एकदम परवाना देण्यासाठी केएमएस नावाची पद्धत वापरतात. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होऊन ती वाढत राहते. माझ्या लॅपटॉपात असला खोटा सर्व्हर चालवणारी एक चोरटी आज्ञावली बसवलेली होती. तिला विषाणूरोधकाने पकडू नये म्हणून तिचे कपाट तपासणीतून वगळलेले होते, म्हणजे पहारेकऱ्याला एका खोलीकडे पाहू नकोस असे सांगून ठेवले होते. ‘आयुष्यभराचे’ ऑफिस उघडल्यावर जे नाव दिसत असे, ती आवृत्तीही संस्थांना घाऊक परवान्याने मिळणारी होती, घरगुती ग्राहकाला सुटी मिळणारी नव्हती. मी ते नाव रोज पाहत होतो आणि भारदस्त वाटते म्हणून समाधान मानत होतो.

बॅटरीचे काय सांगावे. नवी असताना जेवढी साठवत असे त्याच्या निम्म्याहून कमी उरली होती.

मग खरी वस्तुस्थिती काय होती? चौदा तारखेला विंडोज १० बंद पडले नाही. ते आजही चालते. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अद्यतने देऊ केली होती. त्यासाठी ३० डॉलर मोजण्याचा एक मार्ग होता, आणि कंपनीचे खाते उघडून आपल्या सेटिंग्जची प्रत तिच्याकडे ठेवली तर पैसे न देण्याचाही मार्ग होता. मला एक वर्ष शांतपणे विचार करायला मिळाले असते. या बाबतीत कंपनीविषयी माझे मत संमिश्र आहे. दहा वर्षांनी एखादी प्रणाली थांबवणे मी अन्याय मानत नाही, आणि टीपीएमच्या अटीमागे सुरक्षेचे खरे कारण आहे; परंतु उत्तम चालणाऱ्या यंत्रांना एका अटीने अपात्र ठरवायचे आणि मुदतवाढीचा मार्ग मात्र सेटिंग्जच्या पोटात ठेवायचा, यातून जी पोकळी निर्माण होते ती पाट्या लावणारे लोक भरून काढतात. त्यातही २०१५ साली कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने परिषदेत विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे म्हटले होते. असे बोलणे हे अधिकृत वचन नव्हते हे मान्य. पण ग्राहक अशीच वाक्ये लक्षात ठेवतात.

पैशांपेक्षा मला अधिक लागून राहिले ते जुन्या संगणकातल्या हार्ड डिस्कचे. पेनड्राइव्हवर घेतली ती प्रत होती; मूळ सर्व काही डब्यातच राहिले होते. त्यात माझ्या व पत्नीच्या आधार आणि पॅन कार्डांची चित्रे होती, निवृत्तिवेतनाचे कागद होते, मंडळाच्या वर्गणीदारांची नावे व फोन क्रमांक होते, ब्राउझरने लक्षात ठेवलेले परवलीचे शब्द होते. फाइली पुसल्या असत्या तरी पुरेसे झाले नसते, कारण नुसते पुसलेले बऱ्याचदा परत मिळवता येते. डिस्क काढून ठेवायला चार स्क्रू लागतात, एवढे ते काम. भाच्याने त्याच रात्री सगळे परवलीचे शब्द बदलायला लावले आणि आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून घेतले. मंडळाच्या अध्यक्षांना मी स्वतः जाऊन सांगितले. आयुष्यात मुलांना चुका कबूल करायला शिकवले, पण ती पायरी चढताना पाय जड झाले होते.

जानेवारीत आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदार मुळीच चिडला नाही. “सर, सगळीकडे असंच देतात, ओरिजिनल कोणाला परवडतं?” असे म्हणून त्याने पुन्हा पाणी मागवले. भाच्याने पक्के बिल मागितल्यावर मात्र त्याचा सूर बदलला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे उत्तर गोव्यातल्या म्हापशाच्या व्यवहारासाठी मला दक्षिण गोव्यात दाद मागता येते. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हे सर्व खरे असले तरी यूपीआयची नोंद आणि तो एस्टिमेटचा कागद यांपलीकडे माझ्याकडे पुरावा नव्हता. लॅपटॉपची पिढी, परवान्याचा प्रकार, जुन्या डिस्कचे काय करणार, यातले एकही अक्षर त्या कागदावर नव्हते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पंधरवड्याने दुकानातून फोन आला: आठ हजार परत देतो आणि तुमची डिस्कही सापडली आहे. भाच्याचे म्हणणे होते की आयोगात जावे. मी आठ हजार घेतले. माझ्या वयाला खेटे नकोसे वाटतात, आणि असले दुकान याच गणितावर चालते हे मला कळत असूनही मी ते घेतले. मात्र ‘तक्रार मिटली’ असे लिहून दिलेल्या कागदावर सही केली नाही.

लॅपटॉपवर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली आहे. फुकट आहे, २०२९ पर्यंत अद्यतने मिळतील, आणि इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक जसाच्या तसा चालतो. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकित केलेल्या काही संहिता सुरुवातीला नुसती चिन्हे दाखवत होत्या. ते फाँट बसवल्यावर वाचता आल्या. ऑफिसऐवजी वापरतो त्या लिब्रेऑफिसमध्ये नकलांच्या पानांची मांडणी थोडी सरकते आणि ती हाताने नीट करावी लागते. जत्रेचे नाटक त्यावरूनच झाले.

डिस्क मिळाली त्या दिवशी संध्याकाळी भाच्याने सांगितल्याप्रमाणे मी ती वायरीने जोडून पाहिली. वर कागदाच्या चिठ्ठीवर पेनाने माझे आडनाव लिहिलेले होते. आत एका मुलीच्या बाप्तिस्म्याचे फोटो, कोणाच्या तरी पासपोर्टची प्रत आणि एका शाळेच्या गुणपत्रिका असे कप्पे दिसले. एकही नाव माझ्या ओळखीचे नव्हते. मी ती तेवढ्यावर बंद केली. दुकानात परत देणे म्हणजे पुन्हा त्याच ढिगात टाकणे, म्हणून सोमवारी ती लेखी तक्रारीसह पोलिसांकडे देणार आहे. माझी डिस्क कोणाच्या घरी गेली, हे दुकानदारालाही सांगता आले नाही.