टरफलांचा चुना, कढईतलं तेल आणि आमचा जनरेटर: वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्यापासून नाशिकजवळच्या आमच्या फरसाण कारखान्याचा जनरेटर तळणाच्या वापरलेल्या तेलापासून स्वतः केलेलं बायोडिझेल साध्या डिझेलमध्ये मिसळून चालतोय. कॅटलिस्ट (तेलाचं इंधन होण्याच्या क्रियेला वेग देणारा पदार्थ) म्हणून नेहमीचा कॉस्टिक सोडा नाही, अंड्याच्या टरफलांचा चुना. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो असं सगळे सांगतात. येतो, पण नखरे फार.

टरफलं बेकरीतून फुकट मिळतात. वडिलांनी ती कारखान्याच्या उंबऱ्याआत येऊ दिली नाहीत, त्यामुळे सगळा कारभार मागच्या शेडमध्ये. धुऊन, वाळवून, दळून ती ओळखीच्या पॉटरीवाल्याच्या विजेच्या भट्टीत ९०० अंशांवर भाजून घेतो. किलोभराचा जेमतेम साडेपाचशे ग्रॅम चुना उरतो. तो लगेच हवाबंद डब्यात गेला पाहिजे. उघड्यावर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि कामातून जातो.

तेल गाळून, तापवून आधी त्यातलं पाणी घालवायचं. मग ६० अंशांच्या आसपास मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि चुना घालून ढवळत राहायचं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्यामुळे वर वाफ थंड करून परत खाली आणणारा कंडेन्सर हवाच. कॉस्टिकने तासाभरात होणारं काम इथे तीन तास घेतं आणि मिथेनॉल जवळपास दुप्पट लागतं. जास्तीचं गरम करून परत मिळवलं नाही तर हिशेब बसत नाही. मिथेनॉलची वाफ विषारी, ज्वाळा दिवसा धड दिसतही नाही, म्हणून तळणाच्या भट्टीपासून हे सगळं लांब.

घाणा उतरला की २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवतो. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर काम अर्धवट.

खाली राहिलेला चुना तेलातून सुटलेल्या ग्लिसरीनने चिकट, करडा झालेला असतो. मिथेनॉलने धुऊन पुढच्या दोन-चार घाण्यांना चालतो, मग मंदावतो आणि परत भट्टीत जातो.

पैसे वाचतात का? कॅटलिस्टवर फारसे नाहीत, कॉस्टिक स्वस्तच आहे. वाचतं ते इंधन धुण्याचं पाणी. कॉस्टिकचं साबणाळ पाणी ओतायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. मात्र थोडा चुना इंधनात उतरतो. बायोडिझेलच्या मानकात कॅल्शियम-मॅग्नेशियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे आयन-एक्स्चेंज रेझिनमधून (असे क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून) गाळणं टाळू नका.

इंजिनचं म्हणाल तर धूर कमी, खप थोडा जास्त आणि शेडभर शेव तळल्याचा वास. टाकीतला जुना गाळ सुटून सुरुवातीला फिल्टर तुंबले. रबरी नळ्या फुगल्या, त्या व्हिटॉनच्या (इंधनात टिकणाऱ्या रबराच्या) घातल्या. आमचं तेल पामोलिन, म्हणून थंडीच्या पहाटे इंधन गढूळ होतं. डिसेंबर-जानेवारीत डिझेलमध्ये ते २० टक्क्यांवर मिसळत नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २५ टक्के पोलर कंपाउंडच्या, म्हणजे तेल तापून तापून बिघडल्यावर त्यात होणाऱ्या घटकांच्या, मर्यादेआधीच आम्ही तेल बदलतो, म्हणून त्यात आम्ल कमी. आम्ल वाढलं की चुन्याचा साबण होतो. शेजारचा भजीवाला आपलं काळं तेल फुकट देतोय, पण त्यातलं आम्ल कमी करायला आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया लागेल. सध्या नको म्हटलंय.