नाटकात किती वाजलेत, हे विचारणारं ड्रेपरीचं दुकान

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांत पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेचं वारं सुरू होतं. लेखक कोण, दिग्दर्शक कोण, मेन रोल कुणाला, सगळ्यांना सगळं माहीत असतं. ड्रेपरी, म्हणजे नाटकातले कपडे, कोण बघतंय हे मात्र रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आठवतं. यंदा आमच्या कॉलेजात ते काम माझ्याकडे होतं. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, नाटकाच्या ग्रुपमध्ये दुसरं वर्ष, आणि मला बॅकस्टेजच करायचं असतं. पुढच्या वर्षी माझ्या जागी जी कुणी असेल तिला पेठांतून छत्री घेऊन चार दिवस भटकायला लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दुकानाचं नाव टाकत नाही. दुकानातल्या काकांना विचारलं होतं, ते म्हणाले, "नाव नको लिहूस गं, ऑगस्टमध्ये आधीच जिन्यावर रांग लागते." स्पर्धा जिथे होते त्या भरत नाट्य मंदिरापासून पायी दहा मिनिटांवर आहे, वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना. पाटी नाही. तुमच्या ग्रुपमधल्या कुठल्याही सिनिअरला विचारा, नंबर मिळेल.

आधी एकांकिकेबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची गोष्ट १८९७ च्या प्लेगमधली. बुधवार पेठेतलं घर, एकच रात्र. घरातल्या पोराच्या काखेत गाठ आलीय, आणि सोल्जर तपासणीला येणार म्हणून त्याची विधवा आत्या त्याला माळ्यावर लपवते. पात्रं नऊ, त्यातले तीन गोरे शिपाई. गोष्ट सुचली ती विद्यापीठात. फॉर्मचं काहीतरी काम होतं म्हणून आम्ही चौघं गेलो होतो. मुख्य इमारतीसमोर उभे असताना आमचा लेखक म्हणाला, २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच बंगल्यात होती. तिथून परत जाताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. आणि आज ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ आहे त्या सावित्रीबाई त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, प्लेगनेच गेल्या. बसमध्ये परत येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. आठवड्याभरात पहिला ड्राफ्ट आला.

माझी यादी मी वहीत व्यवस्थित लिहून नेली होती. लाल कोट तीन. पुणेरी पगडी दोन. शिवलेली नऊवारी दोन. मरून साडी एक. धोतरं चार, पांढरी. या यादीतलं शेवटी जवळजवळ काहीच राहिलं नाही.

आधी मी दुसऱ्या एका मोठ्या दुकानात गेले होते. काउंटरवरच्या माणसाने यादी बघितली, पाच मिनिटांत सगळं समोर टाकलं आणि म्हणाला, कॉलेजवाल्यांना हेच देतो, चांगला माल लग्नाचा आणि शूटिंगचा. कोटाची सोनेरी लेस सुटलेली, साड्यांना अत्तराचा आणि घामाचा मिसळलेला वास. दर मात्र चांगल्या मालाचाच. मी डिपॉझिट न भरता निघाले.

या दुकानात काकांनी यादी हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "नाटकात किती वाजलेत?"

मला वाटलं नाटक किती वाजता आहे ते विचारतायत. मी स्लॉट सांगितला.

"तो नाही. गोष्टीत. पडदा उघडतो तेव्हा घड्याळात किती वाजलेत?"

म्हटलं, रात्रीचे नऊ-साडेनऊ.

"मग घरातला माणूस रात्री साडेनऊला पगडी घालून कशाला बसेल? पगडी खुंटीला. ती मी देतो, पण प्रॉपर्टीत धर, स्टेजवरच्या सामानात. अंगावर धोतर आणि उपरणं, बास. घरात पोरगं आजारी आहे ना? मग धोतर चुरगळलेलं हवं, इस्त्रीचं नको."

पुढचा पाऊण तास आम्ही असेच बसलो होतो. मला घरी परत जाऊन स्क्रिप्ट आणावी लागली आणि दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकालाच बरोबर नेलं. काकांनी स्क्रिप्ट वाचली नाही, आमच्याकडून एकेका माणसाचं काय ते ऐकून घेतलं. बाई स्वयंपाकघरातून येते की माजघरातून? पोराला माळ्यावर चढवताना कुणाचा हात लागतो? शिपाई किती वेळ स्टेजवर आहेत, बसतात का? बसत असतील तर पँटचा गुडघा आणि शिवण बघायला लागेल.

लाल कोट तर त्यांनी पहिल्याच दिवशी खोडले. आमच्या डोक्यात गोरा शिपाई म्हणजे लाल कोट, सिनेमात तसाच असतो. काका म्हणाले, हिंदुस्थानातली गोरी फौज तोवर खाकीत आली होती, पुण्याच्या प्लेगचे फोटो निघालेले आहेत, ते बघून ये. मी बघितले. शिपाई खाकीत, डोक्यावर टोप, मागे वाड्याची दारं. दिग्दर्शकाला लाल रंग हवाच होता, एन्ट्रीला दणका बसतो म्हणून. तो दोन दिवस भांडत होता. तालमीत खाकी घालून एन्ट्री केली तेव्हा त्याचं त्यालाच पटलं. पिवळट कंदिलाच्या प्रकाशात ते तिघं आधी दिसतच नाहीत, भिंतीतून निघाल्यासारखे पुढे येतात. त्यामुळे स्टेजवर तांबडा रंग एकाच माणसाच्या अंगावर राहिला, आत्याबाईंच्या.

त्या आलवणाबद्दल, म्हणजे विधवा नेसायच्या त्या तांबड्या लुगड्याबद्दल, लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी यादीत "मरून साडी" लिहिलं होतं. काकांनी मागच्या खोलीतून एक गाठोडं आणलं, जुन्या धोतरात बांधलेलं. आत तीन आलवणं होती. जाड सुती कापड, ना काठ, ना पदराला काही. रंग मरून नव्हताच. तपकिरीकडे झुकलेला तांबडा, घडीच्या रेघांवर फिका पडलेला. हातात घेतल्यावर पहिल्यांदा वजन जाणवलं. आमची आत्याबाई करणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. ती ते अंगाभोवती धरून आरशासमोर उभी राहिली आणि तिचे खांदे आपोआप आत आले. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं.

मग खरी अडचण. आलवणाखाली चोळी नसायची. स्टेजवर ते करायचं कसं, आणि आमच्या मुलीला ते विचारायचं तरी कसं? मला तोंड उघडायला लागलं नाही. काकांच्या घरातल्या काकू शिलाईचं काम बघतात, त्यांनीच फाटलेल्या आलवणाच्या कापडाचं एक बिनबाह्यांचं पोलकं काढलं. कापड तेच, रंग तोच, तिसऱ्या रांगेतूनही कळणार नाही. केशवपन दाखवायला टकलाची रबरी टोपीही काकूंनी घेऊ दिली नाही. कपाळावर तिची कड दिसते आणि मग प्रेक्षक तेवढंच बघत बसतात. त्याऐवजी केस घट्ट चापून, वर काळी नव्हे, अंगाच्या रंगाची पट्टी बांधून, पदर भुवयांच्या वर दोन बोटांवर ओढून कानामागे पिना. हे त्यांनी आमच्याकडून चार वेळा करवून घेतलं. चौथ्या वेळी मला सात मिनिटं लागली.

पांढऱ्या धोतरांचंही तसंच. नवं पांढरं कापड दिव्याखाली इतकं उजळतं की चेहऱ्याच्या आधी धोतर दिसतं. इथली धोतरं चहाच्या पाण्यातून काढलेली असतात. मोठ्या पातेल्यात चहाची पूड उकळून, गाळून, गार करून, त्यात धोतर बुडवायचं, पिळून सावलीत वाळवायचं. आम्ही कॉलेजच्या कँटीनच्या मागे पंच्यांवर हा प्रयोग करून बघितला, छान झाला. कँटीनवाल्या दादांनी दिवसभराची वापरलेली पूड ठेवून दिली होती.

शिवलेली नऊवारी काकूंनी दिलीच नाही. इलॅस्टिकची नऊवारी नाचाला बरी, पण खाली बसून चूल फुंकायची असेल तर कास बरोबर दिसत नाही, म्हणाल्या. त्यांनी आमच्या दोघींना साधी नऊवारी नेसायला शिकवली. मी वीस वर्षांची, घरात आजीच्या कपाटात चार नऊवारी आहेत, आणि मला कधी नेसता येत नव्हती. आता येते.

दर सांगते. धोतर-उपरणं जोडी दिवसाला १०० रुपये, नऊवारी १५०, आलवण १५० आणि पोलकं त्यातच, शिपायाचा पूर्ण ड्रेस टोप-पट्ट्यासकट ३००. रंगीत तालीम आणि प्रयोग असे दोन दिवस धरतात, मधला दिवस आला तर त्याचे पैसे घेत नाहीत. आमचं सगळं मिळून ३,२०० झालं, डिपॉझिट २,००० वेगळं. कॉलेजचं आयकार्ड आणि एकाचा फोन नंबर वहीत लिहून घेतात. इतर ठिकाणांपेक्षा थोडं महागच आहे, पण मोजलेला प्रत्येक रुपया कपड्यात दिसतो.

आता जे खटकलं ते. कपडे बदलून बघायला नीट जागा नाही. गोदामाच्या कोपऱ्यात एक पडदा, त्याला आतून कडी-कोयंडा काही नाही. आम्ही मुली एकमेकींना पडदा धरून उभ्या राहिलो. वर्षानुवर्षं कॉलेजच्या मुली इथे येतात, एक दार बसवायला हवंच. मी काकूंना हे तोंडावर सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पुढे काय होतं बघू. दुसरं, सगळा व्यवहार रोख, आणि पावती साध्या कागदावर. आमच्या अकाउंट्स विभागाला जीएसटीची पक्की पावती लागते. ती नाही म्हणून आमचे ३,२०० अजून अडकलेत, तेवढे आम्ही सतरा जणांनी वाटून भरले. हॉस्टेलवरच्या दोघांचे मी भरलेत, मेसचे पैसे भरून त्यांच्याकडे उरत नाहीत. पक्की पावती हवी तर आधीच स्पष्ट विचारा.

तिसरी गोष्ट मात्र आमचा जीव काढणारी होती. प्रयोगाच्या दिवशी सकाळी अकराला भरतच्या मागच्या बाजूला कपडे मांडताना एका शिपायाची पँट मांडीपासून उसवलेली निघाली. नेताना मी तपासली नव्हती, पण तपासून देणं त्यांचंही काम होतं. फोन केला. काकांनी कारण विचारलं नाही. वीस मिनिटांत त्यांचा मुलगा पावसात स्कूटरवर दुसरी पँट घेऊन आला, आणि वर सुई-दोरा. दुसरी पँट दोन इंच मोठी होती. तिथेच पायरीवर बसून त्याने कंबर आत घेतली. आत कुठल्यातरी कॉलेजची "आव्वाज कुणाचा" ही घोषणा चालू होती, भिंती हलत होत्या, आणि हा दाताने दोरा तोडत होता. भरतची सुरुवात १८९४ साली विद्यार्थ्यांच्याच मंडळातून झाली असं म्हणतात. त्या आवारात आजवर किती जणांनी अशा पँटी शिवल्या असतील, असं मला तेव्हा वाटून गेलं.

आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही. निकालाच्या रात्री सगळे रडले, मीही. पण प्रयोग संपल्यावर एक आजीबाई, कुणाच्यातरी घरच्या असतील, विंगेपाशी आल्या आणि आमच्या आत्याबाईच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या आजेसासूबाईंचं असंच होतं. असंच जाड." एवढं बोलून गेल्या.

परत करायला गेले तेव्हा काकांनी एकेक नग मोजला. उसवलेल्या पँटीचे पैसे लावले नाहीत, एका उपरण्यावर मेकअपचा डाग होता त्याचे ८० कापले. ते बरोबरच होतं, पॅनकेक लावल्यावर उपरणं अंगावर घेऊ नका असं मी मुलांना दहादा सांगायला हवं होतं.

जाणार असाल तर जुलै संपायच्या आत जा. गणपती जवळ आले की मिरवणुकांच्या पोशाखांत दुकान बुडालेलं असतं, मग कुणाला बसवून शिकवायला त्यांना वेळ नसतो. दुपारी एक ते चार बंद. शिपायांचे बूट इथून घेऊ नका, सगळे आठ नंबरचे आहेत. एनसीसीच्या मुलांकडून मागून आणा. मुलींनी आत घालायला स्वतःचे कपडे घालूनच जावं. घेताना प्रत्येक शिवण उलटी करून, खिडकीच्या उजेडात बघा. आणि स्क्रिप्ट बरोबर न्या.