भित्र्या माणसालाही झेपेल असा ‘फास्मोफोबिया’

भयपट लागला की उठून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्याला मित्रांच्या आग्रहाखातर एखादा भयखेळ खेळावाच लागला, तर त्याने कायनेटिक गेम्सचा ‘फास्मोफोबिया’ निवडावा. सप्टेंबर २०२० मध्ये स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आलेल्या या खेळात जास्तीत जास्त चार जण झपाटलेल्या घरात शिरतात. भुताला मारायचे नसते, तर पुरावे जुळवून ते कोणत्या जातीचे आहे एवढेच ओळखायचे असते, आणि थर्मामीटर, यूव्ही दिवा अशी उपकरणे हाती असली की भीतीची जागा बऱ्याच अंशी तर्क घेतो.

खेळाची खरी करामत आवाजात आहे. आपण माइकवर बोलतो ते भुतालाही ऐकू येते. त्यामुळे हल्ला सुरू असताना कपाटात दडलेल्या मित्राने नुसती कुजबुज केली, तरी भूत नेमके तिकडे वळू शकते. अंधारात खेळाडूंचे मनोबल घटत जाते आणि बहुतेक भुते गटाची सरासरी ५० टक्क्यांखाली आल्यावरच हल्ला चढवतात, म्हणून दिवे लावत फिरणारा भित्रा गडी इथे चक्क उपयोगी ठरतो. त्यालाही ते जमेना, तर बाहेरच्या ट्रकमध्ये बसून पडद्यांवर कॅमेरे आणि प्रत्येकाचे मनोबल पाहत राहण्याची सोय आहेच. (आमच्याकडे या जागेसाठी भांडणे होतात!)

भुतांची चाल काहीशी कृत्रिम वाटते आणि पैसे जमवून उपकरणे घेण्याचा भाग रटाळ आहे. एकट्याने मात्र याच्या वाटेला जाऊ नये.