सांगलीच्या विश्रामबागेत राहायचं कुठं: कॉलेजचं हॉस्टेल की बाहेरची खोली?

विलिंग्डन (स्थापना १९१९) आणि वालचंद इंजिनिअरिंग (स्थापना १९४७) ही दोन्ही कॉलेजं विश्रामबागेतच, त्यामुळे दर जूनमध्ये इथं हा प्रश्न घरोघरी निघतो.

पहिल्या वर्षाला माझं मत सरळ हॉस्टेलच्या बाजूनं आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा मजला जागा असतो. कुणाचं जर्नल अपुरं, कुणाला एम-थ्रीचं (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) गणित सुटत नाही, आणि शेजारच्या खोलीतला सीनियर चहा पिता पिता ते वहीच्या मागच्या पानावर सोडवून दाखवतो. ही मदत बाहेर सहज मिळत नाही. गावाकडून एकटं आलेल्या पोराला तर ती फार मोलाची. गोंगाट मात्र होतोच; वाढदिवस रात्री बारालाच साजरे होतात. त्यावर उपाय म्हणजे जेवण झालं की थेट रीडिंग रूम गाठायची.

बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे दुसऱ्यासोबतच्या खोलीत एका कॉटचं भाडं भरून राहिलं, की शांतता मिळते. गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा), एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना शेवटच्या वर्षी तीच बरी. पण डिपॉझिट, लाइट बिल, मेसचा डबा धरून हिशोब करा, नुसतं भाडं बघू नका. रूममेट सुट्टीला गेला की दिवसभर बोलायला माणूस नसतो, हेही लक्षात घ्या.

आणि गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, कृष्णा नदीच्या बाजूला खोली स्वस्तात मिळत असेल, तर २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, हे घरमालकाला आणि शेजाऱ्यांनाही विचारूनच पैसे द्या.