अस्मा-उल-हुस्ना : यादी ऐकून की आयतींतून?
अस्मा-उल-हुस्ना म्हणजे अल्लाहची 99 नावे पाठ करताना नोकरदार माणसापुढे दोन वाटा असतात. प्रवासात मोबाइलवर पूर्ण यादी ऐकत राहिल्यास लय लवकर बसते. मात्र अर्थ मागे राहतो आणि एक नाव निसटले की पुढचे आठवत नाही. दुसरी वाट कुरआनमधून जाते. सूरह हश्र या अध्यायाच्या 22 ते 24 या आयतींत (वचनांत) ‘अर्-रहमान’पासून ‘अल्-मुसव्विर’पर्यंतची 13 नावे प्रचलित यादीच्याच क्रमाने येतात; फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर त्यांतले एकच, उदाहरणार्थ ‘अल्-खालिक’ म्हणजे निर्माता, अर्थासह घ्यावे आणि दिवसभराच्या दुआंत (प्रार्थनांत) त्याच नावाने अल्लाहला हाक मारावी. ही वाट संथ असली तरी मला तीच पसंत आहे, कारण ही नावे जतन करणाऱ्याला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, जन्नतचे (स्वर्गाचे) आश्वासन आहे आणि अनेक आलिमांच्या (धर्मपंडितांच्या) मते त्या जतनात अर्थ जाणणेही येते.