पावसाच्या आकडेवारीसाठी 'मेक': मोसमभर वापरल्यानंतर

मुंबईच्या पावसाच्या नोंदींवर आम्ही तिघं काम करतो. कच्च्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यांच्या) फायली, त्या साफ करणाऱ्या पायथन स्क्रिप्ट, दैनिक तक्ता, मासिक बेरजा, मग 'आर' या संख्याशास्त्राच्या भाषेत आलेख आणि शेवटी पीडीएफ अहवाल. मे महिन्यापासून हे सगळं 'मेक'वर चालतं, म्हणजे कोणती फाइल कशापासून बनते हे पाहून गरजेच्या कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामवर. आता त्याशिवाय नवं काम सुरू करायची माझी तयारी नाही.

मेक जुनं आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं, प्रोग्राम कंपाइल करण्यासाठी. पण समोरची फाइल सी भाषेतली आहे की सीएसव्ही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. मेकफाइलमधल्या, म्हणजे मेकसाठी लिहिलेल्या सूचनांच्या फाइलमधल्या, नियमात एवढंच लिहायचं: कोणती फाइल हवी, ती कशापासून बनते, कोणत्या कमांडने. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी दिसली, तर मेक तेवढाच भाग पुन्हा चालवतं.

जुलैत याची किंमत कळली. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला कोसळलेला 944 मिमी पाऊस 27 तारखेच्या नोंदीत सापडतो. (त्याच 24 तासांत कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नाही. हे शहर एका आकड्यात मावत नाही.) आम्हाला पाऊस भरतीच्या वेळांशी ताडून पाहायचा होता, म्हणून तारखेचा हिशेब साफसफाईच्या पायरीवरच बदलावा लागला. त्याने मासिक बेरजाही हलतात, कारण 1 तारखेची नोंद बरीचशी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाची असते. स्क्रिप्टमधल्या दोन ओळी बदलून मेक चालवलं. दैनिक तक्ता, बेरजा, दोन्ही हवामान केंद्रांचे आलेख, अहवाल, सगळं ओळीने नव्याने बनलं; केंद्रांच्या नकाशाला मात्र हात लागला नाही, कारण तो पावसाच्या आकड्यांवर अवलंबूनच नाही. पूर्वी कोणती नोटबुक (कोडची वही) कोणाच्या आधी चालवायची हे एकाच्या डोक्यात असायचं. ऑगस्टमध्ये आलेल्या सहकाऱ्याने ते मेकफाइल वाचून समजून घेतलं. वेळेच्या बचतीपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी: डेटाबरोबर स्क्रिप्टचंही नाव अवलंबित फायलींत लिहावं. नाहीतर स्क्रिप्ट बदलली तरी मेक 'सगळं अद्ययावत आहे' म्हणून गप्प बसतं. मेकफाइलमध्ये 'डिलीट ऑन एरर'ची ओळही हवीच, म्हणजे मध्येच बंद पडलेली कमांड अर्धवट सीएसव्ही मागे ठेवत नाही. चालवण्याआधी मेकला 'डॅश एन' हा पर्याय लावून काय काय चालणार ते बघून घ्या. आणि कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत. आजच्या काळात हा नियम जाचक आहे, पण सुटका नाही.

त्रास आहेतच. फाइलच्या नावात स्पेस असली की मेक गोंधळतं. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फायलींच्या मूळ वेळा जपत नाही, त्यामुळे प्रकल्पाची नवी प्रत उतरवून घेतल्यावर एकदा सगळं मुद्दाम पुन्हा चालवणं बरं. मॅकवर अॅपलकडून येणारी मेकची आवृत्ती 3.81, म्हणजे 2006 सालची. एका कमांडमधून अनेक फायली बनत असतील तर त्यांचा गट करण्याची सोय 4.3 मध्ये आली, म्हणून नवी आवृत्ती वेगळी घ्यावी लागते. विंडोजवर मी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरतो, तिथे अडचण आली नाही.

केंद्रं आणि वर्षं वाढली की मेकचे नमुने वाचायला अवघड होतात. तेव्हा स्नेकमेक या तशाच साधनाकडे जावं: नियम पायथनच्या वळणाचे, आणि नव्या आवृत्त्या फाइलच्या वेळेबरोबर कोडमधला बदलही ओळखतात. सगळं काम आरमध्येच असेल तर 'टार्गेट्स' पॅकेज जास्त सोयीचं. आमची दोन केंद्रं आहेत तोवर आम्ही मेक सोडणार नाही.