कॅव्हान्साइट की पेंटागोनाइट?

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींनी जगाला कॅव्हान्साइट आणि पेंटागोनाइट ही दोन निळी खनिजे भरभरून दिली. दोन्हींची पहिली नोंद मात्र अमेरिकेतल्या ओरेगॉनमधली, 1973 ची. रासायनिक सूत्र एकच: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी. त्यामुळे रासायनिक तपासणीने फरक कळत नाही. फरक आहे तो अणूंच्या रचनेत. रंगावरून ओळखायला जाल तर हमखास फसाल.

आकार बघा. कॅव्हान्साइट बहुधा गोळ्यासारखा किंवा फुलासारखा, बारीक स्फटिकांचा दाट गुच्छ. पेंटागोनाइटचे स्फटिक लांबट, पात्यासारखे, विस्कटलेले. त्याचे जुळे, म्हणजे एकमेकांत गुंतून वाढलेले, स्फटिक आडव्या छेदात पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसतात, नाव त्यावरूनच पडले. दहापट भिंग पुरते.

कठिणता दोघांचीही 1 ते 10 च्या मोहस मापावर 3 ते 4, म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठतो. अंगठीत जडवायचा विचार सोडाच. आणि कृपा करून ओरखडून परीक्षा घेऊ नका, नमुन्याची किंमत तिथेच जाते.

पेंटागोनाइट जास्त दुर्मीळ, म्हणून सारख्या प्रतीचा नमुना महाग. पण स्टिल्बाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांवर एकच टपोरा, न दुखावलेला कॅव्हान्साइटचा गोळा चुरगळलेल्या पेंटागोनाइटला सहज मागे टाकतो. फक्त तो गोळा गोंदाने चिकटवलेला नाही ना, ते बुडाशी भिंग लावून पाहा.

पहिलाच नमुना घेत असाल तर मी कॅव्हान्साइटच सुचवेन.